गुराबेवरची बोली

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटात, म्हणजे २००७ साली आलेल्या ‘ॲट वर्ल्ड्स एंड’मध्ये, जगभरच्या चाच्यांची पंचायत भरते. नऊ सरदार बसतात. त्यातला हिंदी महासागराचा सरदार कोण, तर श्री सुंभाजी आंग्रिया. डोईला पागोटं, भरघोस दाढी, आणि त्याच्या वतीने बोलायला शेजारी दोन माणसं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर हा गृहस्थ एकदाचा स्वतः तोंड उघडतो आणि आवाज निघतो चिरका, बारीक. तिथे हसायचं, अशी योजना आहे. भूमिका मार्शल मनेश या इराणी वंशाच्या अमेरिकी नटाने केली आहे.

हे सुंभाजी म्हणजे आपले संभाजी आंग्रे. सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजींचे चिरंजीव. ईस्ट इंडिया कंपनीचं ‘डर्बी’ नावाचं खजिन्याने भरलेलं जहाज १७३५ साली पकडून कंपनीची झोप उडवणारे.

हा तुकडा अधूनमधून मोबाइलवर फिरत येतो. खाली लिहिलेलं असतं, मराठ्यांचा अपमान, पुढे पाठवा. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीच्या चहाच्या टपरीवरही त्यावर तावातावाने चर्चा झाली. मला विचाराल तर अपमानाचं एवढं काही वाटत नाही. करमणुकीच्या सिनेमात इंग्रज अधिकारीही मूर्खच दाखवलेत. मला खटकतं ते वेगळंच. या संभाजीला बोलायला माणसं दिली, पण जहाज दिलं नाही. त्याच्या गुराबेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, शीड कोण ओढतं, सुकाणूवर कोण उभं आहे, वारा पडला की तांडेल काय ओरडतो, यातलं काहीच नाही. आणि ते हॉलिवूडने का द्यावं? आपणच कुठे दिलंय अजून?

बिलोलीच्या माणसाने समुद्रावर बोलावं का, असा प्रश्न कोकणातला वाचक विचारील. रास्त आहे. आमची मांजरा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात उगम पावते, कुंडलवाडीच्या पुढे गोदावरीला मिळते आणि ते पाणी जातं बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्राशी आमचं पाण्याचंसुद्धा नातं नाही. तरी हौस दांडगी. कंधारला राष्ट्रकूटांनी तळं बांधलं, त्याचं नाव जगत्तुंग समुद्र. नांदेडजवळ विष्णुपुरीचं धरण झालं, त्याचा झाला शंकरसागर. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक कोळीगीत ठरलेलं. ज्या पोरांनी पावसाळ्यातली मांजरा सोडून दुसरं मोठं पाणी पाहिलं नाही, ती पोरं लुंगी आणि लाल टोपी घालून वल्ही मारतात. नाखवा हा शब्द मराठवाड्यात आला तो असा, स्टेजवरून.

आणखी मागे गेलं तर आमची बाजू भक्कम होते. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी माहितीपुस्तकात त्याचं नाव आहे. तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, माल भरलेल्या रांजणांसकट. ते चित्र पुढ्यात ठेवून आपल्या नौदलाने गोव्यात फळ्या काथ्याने शिवून एक जहाज बांधून घेतलं, ‘कौंडिण्य’ नाव दिलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते दाखल करून घेतलं. बांधणारे मुख्य सुतार केरळचे. तेव्हा जहाजाचा नकाशा मराठवाड्याच्या डोंगरात सापडत असेल, तर दोन शब्द बोलायला आम्हाला हरकत नसावी.

माझा स्वतःचा संबंध मात्र वाळूतून आला. मी तलाठी होतो. मांजरेची वाळू प्रसिद्ध, हैदराबादेपर्यंत मागणी. घाटाचा लिलाव होतो, ब्रासवर रॉयल्टी भरायची, पावती घ्यायची. रस्त्यात हायवा अडवला की पहिला प्रश्न वाळू कुठली हा नसतो, पावती दाखव हा असतो. पावती असली की ठेकेदार, नसली की चोर. नदी तीच, वाळू तीच, फावडं तेच.

कान्होजी आंग्र्यांचं सगळं प्रकरण मला या पावतीवरून समजलं. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून आपल्याच किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायला लावत होते. नसेल तर जहाज जप्त. इंग्रज कंपनीही आपले परवाने देत असे. कान्होजींनी म्हटलं, या पाण्याचा मालक छत्रपती, मी त्यांचा सरखेल, तेव्हा दस्तक माझं घ्यायचं. इंग्रजांनी घेतलं नाही. मग त्यांनीही जहाजं धरली. १७१२ च्या अखेरीला त्यांनी मुंबईचा गव्हर्नर विल्यम एसलबी याची ‘अल्जेरीन’ नावाची बोटच पकडली. तिच्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन होता, तो लढाईत मारला गेला. त्याची तरुण बायको कॅथरीन कैदेत पडली आणि तीस हजार रुपये मोजल्यावर १७१३ च्या फेब्रुवारीत सुटली.

हा शेवटचा भाग आमच्याकडच्या भाषणांत येत नाही. यायला हवा. कंपनीच्या दप्तरात कान्होजी ‘पायरेट’ ठरले ते पंचनामा लिहिणारा कारकून कंपनीचा होता म्हणून, हे खरं. पण आपण उलटा पंचनामा लिहिताना जप्त मालाच्या यादीतून ओळी गाळू नयेत. खंडणी घेतली, बाई ओलीस ठेवली. त्या काळी समुद्रावर सगळेच तसं करत. १७२१ मध्ये अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तेव्हा इंग्रजांचं आरमार होतं कमोडोर थॉमस मॅथ्यूजच्या हाताखाली. हा माणूस इंग्लंडहून निघाला होता तो मादागास्करच्या खऱ्याखुऱ्या चाच्यांचा बंदोबस्त करायला. कुलाबा काही पडला नाही. मॅथ्यूज परत गेला आणि राजाच्या जहाजांवरून खासगी व्यापार केला म्हणून त्याच्यावरच लष्करी खटला चालला. याला म्हणावं विनापावती.

आता सिनेमाच्या भाषेकडे येतो.

चाचा म्हटलं की जगभर जी एक बोली डोळ्यांपुढे, नव्हे कानांपुढे येते, शब्दातला ‘र’ घोळवत लांबवायचा, घशातून गुरगुरायचं, ती कुठून आली? अठराव्या शतकातून नाही आली. डिस्नीने १९५० साली ‘ट्रेझर आयलंड’ काढला. त्यात लाँग जॉन सिल्व्हर झाला होता रॉबर्ट न्यूटन. हा नट इंग्लंडच्या नैऋत्येकडचा, डॉर्सेटमध्ये जन्मलेला. त्याने गावाकडचं आपलं बोलणं जरा फुगवून वापरलं आणि ते इतकं चिकटलं की पुढच्या प्रत्येक चाच्याने तेच उचललं. एका नटाची जीभ अख्ख्या जमातीची भाषा झाली.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण आमच्याकडेही तेच झालंय. पडद्यावरचा मावळा जसा बोलतो तसं सतराव्या शतकात कोणी बोलत होतं याचा पुरावा नाही. ती बोली बरीचशी कोल्हापूरची, भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओच्या परंपरेतली. ‘जी’, ‘राजं’, छाती पुढे, भाला उभा. मला ती आवडते. लहानपणी तंबूत बसून तीच ऐकली. पण ती डोंगरातली भाषा आहे. तिच्यात घोडा आहे, खिंड आहे, दोर लावून चढायचा कडा आहे. तिच्यात वारा कुठून येतो हे विचारायची कोणाला गरज पडत नाही. अलीकडे दिग्पाल लांजेकरांनी ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’ असे एकामागून एक शिवकालावरचे चित्रपट केले. लोकांनी रांगा लावल्या. सगळी कथा जमिनीवरची. उद्या कोणी कान्होजींवर चित्रपट काढायला बसला, आणि बसणारच, तर माझी भीती ही आहे की तोच मावळा तसाच उचलून डेकवर उभा करतील. सरखेल समुद्राकडे पाठ करून स्वराज्यावर दीड पान बोलतील. मागे कॉम्प्युटरवर काढलेल्या लाटा.

जहाज भाषणावर चालत नाही. ते हुकमांवर चालतं, आणि हुकूम छोटे असतात.

२००३ साली दोन समुद्री सिनेमे आले. एक ‘पायरेट्स’चा पहिला भाग आणि दुसरा पीटर वेअरचा ‘मास्टर अँड कमांडर’. दुसरा मी हिंदीत डब झालेला पाहिला, मग पोराने इंग्रजीत दाखवला. इंग्रजीतले निम्मे हुकूम मला कळले नाहीत. शेजारी बसलेल्या माझ्या सुनेला, ती इंग्रजीची शिक्षिका, तिलाही कळले नाहीत. पण कोणी काहीतरी ओरडतो, चाळीस माणसं दोराला लागतात, वरचं कापड फडफडून फुगतं आणि अख्खं जहाज कुशीवर होतं, एवढं दिसलं की शब्दकोश लागत नाही. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला समजावत बसायचं नाकारलं, म्हणून ते जहाज खरं वाटलं. हिंदी डबिंगमध्ये मात्र सगळं ‘रस्सी खींचो’वर आलं. दोर म्हणजे दोर, एकजात.

दोरादोराला वेगळं नाव द्यायची सोय मराठीत नाही असं समजू नका. पंचनाम्यात आम्हीही ‘दोर, नग अमुक’ असंच लिहायचो, जप्त केलेल्या तराफ्यावरच्या प्रत्येक दोराचं काम वेगळं असलं तरी. पण कोकणच्या शिडाच्या बोटीवर दोराला नुसतं दोर म्हणून भागत नसे. शिडाचं खालचं टोक ताणून धरायचं ते दामण. शीड ज्या आडव्या लाकडाला बांधतात ते परबाण. मधली मोठी डोलकाठी, मागची धाकटी ती कलमी. पुढचं टोक नाळ. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे सुटतो तो मतलई वारा, दुपारी उलट येतो तो खारा. हे दोन शब्द बिलोलीच्या पोरांनीही भूगोलात पाठ केलेत, फक्त त्यांच्यावर कोणी बोटी हाकत असे हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. तारवांची नावं तर विचारूच नका: गुराब, गलबत, शिबाड, मचवा, पडाव. एकेकाचा घाट वेगळा, काम वेगळं.

शिवाय ही बोली कागदावर उतरलेली आहे. उतरवणारा इंग्रज. थॉमस रोबक नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी आरमारी कोश छापला, कारण जहाजावरच्या हिंदी खलाशांना, ज्यांना इंग्रज ‘लस्कर’ म्हणत, हुकूम समजणं ही व्यापाराची गरज होती. १८८२ मध्ये जॉर्ज स्मॉलने तोच वाढवून ‘लस्करी’ बोलीचा, म्हणजे या खलाशांच्या बोलीचा, कोश म्हणून काढला. त्या बोलीत पोर्तुगीज आहे, अरबी-फारसी आहे, गुजराती-मराठी आहे. अमिताव घोष यांनी या कोशावर हात मारून २००८ साली ‘सी ऑफ पॉपीज’ ही इंग्रजी कादंबरी उभी केली. त्यातले खलाशी जे बोलतात ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं की अरे, सुकाणू धरणारा माणूस असा बोलत असणार. कलकत्त्याच्या लेखकाला हे जमतं. मुंबईत बसलेल्या आमच्या संवादलेखकांनी हा कोश उघडलाय की नाही, त्यांचं त्यांना ठाऊक.

विषय किती भरलेला आहे, बघा. रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्याच इतिहासकाराने आंग्र्यांच्या लढण्याची पद्धत वर्णन केली आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढचं टोक बसकं, आणि तिथेच पुढे तोंड करून तोफा. गलबत तिच्याहून लहान, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी उभं राहायचं, त्याच्या तोफा दोन्ही बाजूंना; पाठीमागून येणाऱ्यावर त्या चालत नसत. नेमकी तेव्हा गलबतं वल्हवत यायची, गुराबेला दोर लावून ओढत आणायची आणि मागच्या बाजूने भिडायची. म्हणजे यांचं शस्त्र काय, तर वारा नसणं! असा प्रसंग तलवारबाजीच्या दिग्दर्शकाला सुचणार नाही. तो तांडेलालाच सुचतो. त्या आधी १६७९ मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर असंच काहीसं झालं होतं. शिवाजी महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी आणि दौलतखान यांची उथळ पाण्यातली लहान तारवं इंग्रजांच्या मोठ्या जहाजांच्या नाकाखालून बेटावर रसद पोचवत राहिली.

आणि त्या डेकवर कोण कोण होते! कोळी, भंडारी, खारवी, किनाऱ्यावरचे मुसलमान दर्यावर्दी, पोर्तुगीज आणि डच गोलंदाज. मनुएल द कॅस्ट्रो नावाचा एक पोर्तुगीज कान्होजींच्या नोकरीतून इंग्रजांकडे गेला आणि इंग्रजांनी त्याच्यावर भरवसा ठेवून हात पोळून घेतले. क्लेमंट डाऊनिंग हा इंग्रज खलाशी यातल्या काही मोहिमांत हजर होता. त्याचं पुस्तक १७३७ मध्ये निघालं. त्यात तो जेम्स प्लँटेन नावाच्या एका चाच्याची हकीकत देतो. जन्म जमैका बेटावरचा. मादागास्करला जाऊन हा स्वतःला राजा म्हणवून घ्यायला लागला, तिथून पळाला आणि अखेर विजयदुर्गला येऊन आंग्र्यांच्या नोकरीला लागला. डाऊनिंग जरा मीठमसाला लावणाराच होता, तेव्हा किती खरं धरायचं ते धरा. पण हॉलिवूडवाल्यांना कॅरिबियनचा चाचा आणि आंग्रे एका खोलीत बसवायला एवढी काल्पनिक पंचायत भरवावी लागली, आणि इकडे खुद्द डाऊनिंगने जमैकाचा माणूस विजयदुर्गच्या पगारपत्रकावर चढवून ठेवलाय. तो कोळ्यांशी कोणत्या भाषेत बोलत असेल? त्याच खिचडी बोलीत. दुसरी कोणती असणार?

शेवटचा अंक आपल्याला अवघड जातो म्हणून तो गाळतील, अशीही मला शंका आहे. फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गात कान्होजींचे आणखी एक चिरंजीव, तुळाजी आंग्रे. समुद्रातून ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांची फौज. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली ती आपल्याच सरखेलाविरुद्ध. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेलं ‘रिस्टोरेशन’ हे जहाज किल्ल्याच्या आसऱ्याला उभं होतं. त्यावर गोळा पडला, ते पेटलं आणि शेजारी शेजारी बांधलेल्या गुराबा एकीमागून एक पेटल्या. मराठ्यांचं सर्वांत जबर आरमार एका दिवसात संपलं. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं. तुळाजी काही साधुपुरुष नव्हते, पेशव्यांच्या तक्रारीही पोकळ नव्हत्या. तरी ही गोष्ट सांगायला छाती लागते, कारण तिच्यात खलनायक बाहेरून आयात करता येत नाही.

मी खर्चाचं बोलत नाही. गुराब बांधायला, टाकीत पाणी भरायला पैसा लागेल तो लागेल; तो निर्मात्याचा प्रश्न. बोलीला मात्र फार पैसा लागत नाही, घाई लागते. शीड ओढलेली, दामण हातात धरलेली माणसं आता नव्वदीकडे आली असतील. इंजिन आलं तशी परबाणं चुलीत गेली; नावं पाठ असणारे उरलेत ते मोजकेच, मालवणला, हर्णैला, रेवदंड्याला. त्यांच्याकडे जायचं तर जून-जुलैत जावं. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, घरची तरणी पोरंही ओसरीवर जाळी दुरुस्त करत बसलेली असतात आणि म्हाताऱ्याला चार तास बोलायला सवड असते. संवादलेखकाने तेव्हा जावं. सोबत ज्याला सरखेल व्हायचंय त्या नटालाही न्यावं, जिम दोन महिने बंद ठेवून. आणि म्हाताऱ्याला मानधन द्यावं, सल्लागार म्हणून नाव पडद्यावर द्यावं, पावतीसकट.